गालाचं माप

आभाळराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण कोणी 'काय, कसं काय?' असं विचारलं तर हा गृहस्थ आधी मान वर करून आभाळ बघायचा आणि मग 'ठीक' म्हणायचा. असं नाव आपोआप पडतं, त्याला बारसं लागत नाही. त्यांच्या मधल्या खोलीत लग्नाचा एक फोटो होता. त्यात नवरी बिचारी कॅमेऱ्याकडे बघते आहे, आणि नवरदेव मान वर करून कुठल्यातरी ढगाकडे. बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला तो फोटो दाखवायची आणि म्हणायची, "पहिल्याच दिवशी मला कळायला हवं होतं."

शेत म्हणाल तर ओढ्याच्या वळणावरचा चिमूटभर तुकडा. या टोकाला माणूस खोकला तर त्या टोकाची पाखरं उडायची. त्यात कोबी, वाटाणा, काकडी असं हातावर पोट असल्यासारखं थोडं थोडं सगळं. पण बाजारात त्यांची ओळख होती ती मिरचीमुळे. त्यांच्या वडिलांपासून चालत आलेली मिरची ती. लांब, टोकाशी जराशी वाकडी, पिकली की गर्द लाल. आधी गोड लागायची आणि मग, माणूस बेसावध झाला की, हळूच कानशिलं तापवायची. बायका हातगाडीशी येऊन विचारायच्या, "वाकड्या नाकाची आली का?" बाकीचे शेतकरी दुकानातलं संकरित बी आणून मोकळे होत. त्यामुळे वाकड्या नाकाची जी काय होती ती जगात एवढ्या एका तुकड्यावर होती.

आणि आता तीही जायची पाळी आली होती. झालं असं की गेल्या वर्षी मिरची लाल व्हायला लागली आणि नेमक्या त्याच आठवड्यात गारा पडल्या. बियाण्यासाठी ठेवावी अशी एक मिरची धड राहिली नाही. डब्यात होतं ते त्याच्याही आधीचं, जुनं बी. मिरचीचं बी म्हातारं झालं की झोपतं ते उठतच नाही. आभाळरावांनी त्यातलं चिमूटभर ओल्या फडक्यात बांधून बघितलं, तर निम्म्याहून जास्त मुकं निघालं. आणखी वर्षभर ठेवलं असतं तर उरलेलंही गेलं असतं. मग थंडी ओसरायच्या आधीच त्यांनी डबा उलटा केला, बुडाला टिचक्या मारल्या, झाकण झटकलं आणि होतं नव्हतं ते सगळं बी ट्रेमध्ये पेरून टाकलं. मागे एक दाणा ठेवला नाही. उगवलं ते दोन पानांवर आलं, चार पानांवर आलं. हिरव्या नळ्या वाकवून त्यांवर प्लास्टिकचा कागद ताणलेलं एक बुटकं घर होतं, रोपांचं. त्यात ते ट्रे ओळीनं मांडलेले होते. वडिलांची मिरची म्हणजे आता ते ट्रे, बाकी काही नाही. ते गेले की संपलं.

अशा वेळी बायको म्हणाली की आपण चार दिवस बाहेर जाऊ.

तिचंही खोटं नव्हतं. संसार सुरू झाल्यापासून ही जोडी एकत्र बाहेर गेली ती एकदा, कोणाच्या तरी मयताला, आणि आभाळराव ती सहल म्हणून सांगत. रोपं उगवून आली आहेत आणि लावणीला अवकाश आहे, एवढाच काय तो वर्षातला रिकामा वेळ. डोंगरापलीकडे गरम पाण्याच्या कुंडांचं एक गाव होतं. गर्दीचे दिवस अजून सुरू व्हायचे होते, खोल्या रिकाम्या होत्या. शिवाय तिला हंगामाचं ठरवायचं होतं. या घरात हंगामाचं ठरतं ते उभ्या उभ्या, एक पाय चिखलात ठेवून, असं तिचं म्हणणं. मी बोलते आणि तुम्ही वर बघता. मला तुमच्याशी अशा ठिकाणी बसून बोलायचंय, जिथे तुमच्या डोक्यावर छप्पर असेल.

आभाळरावांपुढे एकच प्रश्न होता. रोपं कोणाच्या भरवशावर टाकायची? रोपांच्या घराचं काम दिसायला सोपं, पण डोळ्यांत तेल घालून करायचं. ऊन चढलं की कागदाची दोन्ही तोंडं उघडायची, नाहीतर आत रोपं उकडतात. ऊन उतरायच्या आत बंद करायची, नाहीतर रात्री गारठतात. कधी उघडायचं आणि कधी झाकायचं हे घड्याळावर नसतं. बाजारात तापमापक मिळतात, पण या घराण्यात ते कधी आले नाहीत. वडिलांनी शिकवलेलं माप होतं गालाचं. तोंडाशी वाकायचं, डोकं आत घालायचं आणि गालाला काय लागतं ते बघायचं. झोपलेल्या लेकराच्या श्वासाइतकं उबदार लागलं तर राहू द्यायचं. त्याहून जरा चढं लागलं की उघडायचं. आभाळरावांनी जन्मभर तेच केलं आणि एक रोप कधी उकडू दिलं नाही.

"दादा आहे की," बायको म्हणाली.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, गावातला बेकरीवाला. धिप्पाड माणूस, हसला की पीठ उडायचं. रात्रभर पाव भाजायचा, सकाळी विकायला आपल्या बायकोकडे द्यायचा आणि मग दुपारभर झोपायचा. झोपायच्या आधी आणि उठल्यावर शेतावर चक्कर मारायला त्याची हरकत नव्हती. आभाळरावांनी विचार केला आणि त्यांनाही पटलं. मेव्हणा पहाटे जागा असतो, घरचा आहे, आणि मुख्य म्हणजे ऊब म्हणजे काय हे त्याच्याइतकं गावात कोणाला कळतं? पीठ फुगायला किती ऊब लागते यावर तर त्याचं पोट. सुताराला रंधा शिकवायचा असतो का?

तरी निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी त्याला शेतावर नेलं, वाकायला लावलं आणि गालाचं माप समजावलं. लेकराचा श्वास, त्याहून चढं नको. मेव्हण्यानं डोकं आत घातलं, बाहेर काढलं आणि हसला. म्हणाला, "दाजी, ऊब मला शिकवता? निर्धास्त जा. तुमची पोरं मी अशी फुगवतो की परत आल्यावर ओळखणार नाहीत."

आभाळराव निर्धास्त नावाच्या गावाला जन्मात गेले नव्हते, पण बसमध्ये बसले.

कुंडांच्या गावात त्यांना मिळालेली खोली लहानशी होती. दोन खाटा, एक खुर्ची, किटली, आणि खिडकी उघडली की समोर भिंत. बायकोनं मुद्दाम तीच खोली मागून घेतली होती की काय, देव जाणे. आभाळाची चिंधीसुद्धा दिसत नव्हती. तर हे गृहस्थ कपडे वाळत घालायच्या निमित्तानं गच्चीवर जाऊन उभे. वाळत घालायला एकच पंचा, आणि तो कोरडा.

त्यांना भीती होती ती थंडीची. वसंत लागला असं पानं म्हणतात, पण रात्र ऐकत नाही. एखादी रात्र अशी उलटते की सकाळी सगळं काळं पडलेलं. पहिल्या दिवशी ढग होते. दुसऱ्या दिवशी ढग विरळ झाले, म्हणजे रात्री थंडी उतरणार. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तसं झालं. जेवताना घास तोंडाशी थांबायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मेव्हण्याला फोन लावला, तेव्हा तो नुकताच भट्टीवरून उठला होता. म्हणाला, बाहेर गवतावर दव गोठलंय, पण पोरं मजेत आहेत, कागद सगळीकडून घट्ट दाबून ठेवलाय, मुंगीला शिरायला फट नाही. ते ऐकून आभाळरावांचा जीव भांड्यात पडला. किती चुकीच्या भांड्यात पडला ते नंतर कळायचं होतं.

कुंडं एका लांबट दगडी इमारतीत होती. वर छप्पर, एका बाजूला काचेच्या खिडक्या, आणि सगळीकडे वाफ. बायका-पुरुष मोठमोठे अंगरखे घालून ओळीनं पाण्यात बसलेले, जशी काही गाडी सुटायची वाट बघताहेत. बायको कुंडातून वर आली आणि ओल्या बोटानं खिडकीच्या वाफेवर शेताचा नकाशा काढायला लागली. हा ओढा. इथे कोबी, इथे वाटाणा. ओढ्याकडच्या पट्ट्यात यंदा फुलं, कापून विकायची. आभाळरावांनी विचारलं की मिरची कुठे, तर तिनं एक छोटासा चौकोन काढला. त्यांनी आपल्या बोटानं तो मोठा केला. तिनं पुसून परत लहान केला.

"गेल्या साली सगळा पट्टा मिरचीचा होता," ती म्हणाली. "काय झालं? एका सकाळीत झोपला. सगळी अंडी एका टोपलीत ठेवून वर बघत बसायचं, याला शेती म्हणतात होय?"

"मिरची कमी होणार नाही."

"मग फुलं कुठे लावू? तुमच्या टकलावर?"

शेजारच्या बाईनं तोंड फिरवून हसू दाबलं. तेवढ्यात काचेवरून पाण्याचा एक ओघळ सुटला आणि कोबी, फुलं, मिरची सगळं एकमेकांत मिसळून खाली गेलं. बायको म्हणाली, जाऊ दे, आजचा धरून आपल्याला अजून दोन दिवस आहेत. आणि खरं सांगायचं तर त्या घटकेला आभाळरावांनाही बरं वाटत होतं. पाण्यानं पाठ सैल झाली होती. थंडी संपत आली होती. फुलांचा एखादा पट्टा, बघू, असंही मनात येऊन गेलं होतं.

तिथे तीन कुंडं होती. पहिलं कोमट, दुसरं गरम, आणि टोकाला एक लहानसं, त्याच्यावर 'जपून' अशी पाटी. त्यात एक म्हातारा गळ्यापर्यंत बसून शांतपणे संत्रं सोलत होता, झाडाखाली बसावं तसा. आभाळरावांना मौज वाटली. ते काठाशी गेले आणि पायाचा अंगठा बुडवला. अंगठा बुडाला तितक्याच वेगानं वर आला, आणि त्याच्यामागून आभाळरावही. म्हातारा खो खो हसला, त्यानं एक फोड पुढे केली आणि जरा सरकून जागा करून दिली. आभाळराव म्हणाले, नको, मी काठावरच बरा. पण तुम्ही इथे बसता कसे?

म्हातारा बोलका निघाला. लोखंडाच्या भट्टीवर जन्म गेला होता त्याचा. वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं काम. तो म्हणाला की पहिली काही वर्षं जीव जातो, मग कातडी विसरते. आता मला काही लागतच नाही. चहा गरम आहे का असं बायको विचारते, मी म्हणतो दुसऱ्या कोणाला विचार. आणि मग हसू जरा कमी करून त्यानं सांगितलं की नातू लहान होता तेव्हा एकदा आंघोळीचं पाणी त्यानं हात घालून बघितलं होतं. कोमट आहे म्हणून सांगितलं होतं.

"पोराला पाण्यात ठेवलं आणि त्यानं जी किंकाळी फोडली," तो म्हणाला, "ती अजून ऐकू येते. भट्टीपुढे जन्म काढलेल्या माणसाच्या कातडीवर विश्वास ठेवू नये, साहेब. तो खोटं बोलत नाही. त्याला खरंच कळत नाही."

संत्र्याची फोड आभाळरावांच्या हातातच राहिली.

  मेव्हण्याचा गाल त्यांच्या डोळ्यांपुढे आला. तांबूस, जाड, विटेसारखा भाजलेला गाल. तीस वर्षं रोज रात्री भट्टीच्या तोंडाशी वाकलेला. त्या गालाला लेकराचा श्वास कसा लागणार? त्या गालाला गालाचं माप शिकवून आपण इथे येऊन पाण्यात बसलो.

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. बायकोनं पुसलेल्या जागेतून बाहेरचं दिसत होतं. ढगाचा मागमूस नव्हता. वर्षातलं पहिलं खरं ऊन पडलं होतं, लख्ख, पिवळं, भिंतीवर पसरलेलं. बायको मागून म्हणाली, "बघा, किती छान ऊन पडलंय."

जन्मभर ज्या आभाळाकडे बघून त्यांनी ढग, गारा, थंडी यांची भीती घेतली, ते निरभ्र असल्याची भीती त्यांना कधी वाटली नव्हती. आज वाटली. मुंगीला शिरायला फट नाही, असं मेव्हणा म्हणाला होता.

ओल्या अंगानं त्यांनी फोन लावला. मेव्हण्याचा फोन वाजत राहिला. मग बेकरीत लावला, तो वहिनींनी उचलला, म्हणजे मेव्हण्याच्या बायकोनं. वहिनी म्हणाल्या की हे तर झोपले. शेतावर जाऊन आले, म्हणत होते आतमध्ये अजून हवा कच्ची आहे, जरा चढू दे, म्हणून बंदच ठेवलंय.  शक्य तितक्या सरळ आवाजात आभाळराव म्हणाले की वहिनी, त्यांना उठवा आणि आत्ताच्या आत्ता दोन्ही तोंडं उघडायला सांगा. वहिनी म्हणाल्या, आतून कडी लावून झोपतात, वर ढोल वाजवला तरी कूस बदलत नाहीत. दुकानात रांग आहे, ती सरली की मीच जाते हळूहळू, गुडघा काय म्हणतो बघते.

वहिनींचा गुडघा आणि शेताची चढण. आभाळरावांनी मनात दोन्ही मोजून पाहिली आणि पिशवी भरायला घेतली.

आता बायकोला काय सांगायचं? तिचा भाऊ. तिच्या माहेरचा एकुलता एक आधार. त्याच्या कातडीवर शंका घ्यायची म्हणजे नाकाला मिरच्या झोंबणार, आणि त्याही वाकड्या नाकाच्या. त्यांनी आधी पोट बिघडल्याचं सांगून बघितलं. ती म्हणाली, पोट बिघडलेला माणूस बुटाच्या नाड्या एवढ्या घाईनं बांधत नाही; आता पुन्हा थंडी ना? दोन दिवस थंडीला भ्यालात, आज एवढं ऊन पडलंय तर आता उन्हाला भ्यायचंय का?

"हो," आभाळराव म्हणाले. आणि मग खाटेवर बसून त्यांनी तिला भट्टीवाल्या म्हाताऱ्याचं सगळं सांगितलं, नातवाच्या आंघोळीपर्यंत.

आता भांडण होणार म्हणून ते खाली बघत बसले होते. पण ती शेजारी टेकली. म्हणाली, "गेल्या महिन्यात वहिनीनं मला दाखवलं होतं. दादानं तापलेला पत्रा उघड्या हातानं ओढला. बोटांना फोड आले, तेव्हा त्याला कळलं." आणि ती उठून ओले कपडे पिशवीत कोंबायला लागली.

या बाईला आभाळरावांनी कधी घाबरलेली पाहिली नव्हती. गारा पडल्या त्या सकाळीसुद्धा तिनं चहा केला होता. तिचे हात आता भराभर चालत होते आणि ती एकाच पंच्याची तीनतीनदा घडी घालत होती. ते पाहिलं आणि त्यांची भीती खरी झाली.

मिळाली ती बस सावकाशी होती. प्रत्येक वळणावर कोणीतरी हात करायचं, आणि ड्रायव्हर देवमाणूस, तो थांबायचा. एका थांब्यावर त्यानं कोणाच्या तरी कोंबड्या टपावर चढवू दिल्या. डोंगरात शिरल्यावर फोनही मुका झाला. खिडकीतून ऊन आत येत होतं आणि आभाळरावांच्या मांडीवर पडत होतं. त्यांनी त्या उन्हात आपला गाल धरला. काचेमागचं ऊन. सोसवेना तेव्हा बाजूला घेतला. थोड्या वेळानं परत धरला. बायको म्हणाली, कशाला छळता स्वतःला? पण नंतर तिनंही हळूच आपला गाल काचेशी नेला आणि लगेच मागे घेतला. 

आभाळरावांना वडील आठवत राहिले. ते कधी रागावत नसत. चूक झाली की फक्त वाकायचे आणि सरळ करून ठेवायचे. जुनं बी पेरताना वाटलं होतं की आपण वाचवतो आहोत. आता डब्यातही नाही आणि ट्रेमध्येही नाही, असं झालं तर उद्या बाजारात बायका विचारतील आणि आपण काय सांगणार? गारांनी गेली असती तर आभाळाला दोष देता आला असता. आपणच शिकवलेल्या मापानं गेली, हे कोणाला सांगायचं?

फाट्यावर उतरल्यावर ते पळत सुटले. वाटेतल्या चढणीवर वहिनी एका दगडावर टेकलेल्या दिसल्या, गुडघा दाबत. त्यांनी नुसता हात वर केला. म्हणजे त्याही पोचल्या नव्हत्या.

रोपांचं घर उन्हात चकाकत होतं. कागद आतून पांढरा झालेला, घामानं डबडबलेला. आभाळरावांनी कागदाचं तोंड उघडलं आणि सवयीनं डोकं आत घातलं. गाल भाजला. ते मागे सरकले, दुसऱ्या टोकाला धावले, तेही उघडलं, मग बाजूचा कागद दगडांखालून ओढून सरळ वर फेकला.

पलीकडच्या टोकाचे ट्रे पहिले दिसले. त्यातली रोपं उकडून मातीला चिकटली होती, शिजलेल्या पालेभाजीसारखी. वासही तसाच. त्याच्या पुढचा ट्रे तसाच. त्याच्या पुढचा तसाच. आभाळरावांनी एका रोपाला बोट लावलं, तर पान बोटाला चिकटून आलं. मागून बायको आली, तिनं बघितलं आणि तोंडावर हात ठेवला.

आणि मग अलीकडच्या तोंडाजवळच्या ट्रेंवर काहीतरी पसरलेलं दिसलं. जाड, मळकट कापड. आभाळरावांनी टोक उचललं. कापड ओलसर होतं. खाली, अंधारात, फिकट, लांबट, माना टाकलेली, पण हिरवी रोपं होती.

त्यांनी कापड उचलायला हात घातला आणि थांबले. ओल्या सावलीतलं रोप एकदम उन्हात आणलं तर जे उरलंय तेही जाईल. म्हणून त्यांनी टोक परत खाली सोडलं. बायकोनं झाकायला गवताच्या पेंढ्या आणल्या, त्यांनी नळ्यांवर सावली केली, कापडावर थेंब थेंब पाणी शिंपडलं. मग बसून राहायचं, एवढंच हातात. कलल्या माना ऊन उतरल्यावर उचलल्या जातात का, हे कोणाला विचारून कळत नाही.

मेव्हणा आला तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. वहिनींनी शेवटी परत जाऊन दार बडवून त्याला उठवलं होतं. अंगात बनियन, गालावर उशीचे वळ. तो बोलतच आला. म्हणाला, आलात पण लवकर, मी तर म्हणत होतो की... आणि मग त्यानं पलीकडचे ट्रे पाहिले. एवढा मोठा माणूस, पण बसला तो पालथ्या टोपलीवर, आणि टोपली मोडली तरी उठला नाही.

"मी गाल लावला होता, दाजी," तो म्हणाला. "दोनदा लावला."

"माहीत आहे."

"गार लागलं हो. शपथेवर सांगतो."

"माहीत आहे मला," आभाळराव म्हणाले. "तुम्हाला तसंच लागणार. माझ्या हे आधी ध्यानात यायला हवं होतं." मग त्यांनी कापडाकडे बोट दाखवलं. "हे काय आहे?"

मेव्हणा ओशाळला. ती पीठ झाकायची कापडं होती, बेकरीतली. पीठ फुगत ठेवलं की वरून वाळू नये, पापुद्रा धरू नये, म्हणून ओलं कापड टाकतात. सकाळी त्याला मातीचं तोंड वाळलेलं दिसलं, तेव्हा त्यानं आपलं तेच केलं. घरी होती तेवढी कापडं आणली, ती अलीकडच्या तोंडाजवळच्या ट्रेंनाच पुरली. उरलेली उद्या धुऊन आणणार होतो, म्हणाला. बायकोनं भावाकडे पाहिलं. तिला हसू येत होतं की रडू, ते तिलाच ठरवता येत नव्हतं. शेवटी तिनं त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला, लहानपणी घालायची तसा, आणि म्हणाली, "पाव आहेत का ते, फुगवायला?"

ऊन उतरलं. आभाळरावांनी कापडाचं एक टोक सरकवलं. कोपऱ्यातल्या एका रोपाची मान जराशी वर आली होती. ती खरंच आली आहे की आपल्याला वाटतंय, म्हणून त्यांनी बायकोला बघायला लावलं. तिनं वाकून बघितलं आणि मान हलवली. मग आणखी एक दिसलं. मग ओळीतली तीनचार. काही रोपं तशीच आडवी राहिली आणि उठली नाहीत. वर आली ती सगळी मिळून एका ट्रेत मावली असती.

बाजाराला न्यायला यंदा वाकड्या नाकाची नव्हती, हे न बोलता ठरलं. जी जगेल तिची प्रत्येक मिरची झाडावरच लाल होऊ द्यायची आणि बियाण्याला ठेवायची. बायकोनं काटकीनं मातीत शेत काढलं. मिरचीला घराजवळची एक ओळ, ओढ्याकडचा पट्टा फुलांना. आभाळरावांनी काटकीला हात लावला नाही. इतकंच म्हणाले की ही सगळी रोपं एका जागी ठेवायची नाहीत.

"कुठे ठेवता मग?" बायको म्हणाली. "आपल्याकडे दुसरं शेत कुठे आहे?"

 आभाळरावांनी हलक्या हातानं काही रोपं मातीसकट वेगळ्या खोक्यात काढली आणि ते खोकं मेव्हण्यापुढे धरलं. बेकरीच्या मागची भिंत रात्रभर उबदार असते. तिथे थंडीनं काही मरणार नाही.

मेव्हणा दोन पावलं मागे सरला. "मला देता?" तो म्हणाला. "मला नको, दाजी. माझ्या हातून पुन्हा काही झालं तर?"

"झाकणं-उघडणं वहिनी करतील," आभाळराव म्हणाले. "गाल त्यांचा. तुम्ही फक्त हात लावायचा नाही, आणि कापड ओलं ठेवायचं."

मेव्हण्यानं खोकं घेतलं. भट्टीतले तापलेले ट्रे तो उघड्या हातांनी झेलायचा, पण हे खोकं त्यानं असं धरलं होतं की जणू त्याला चटका बसत होता. एक एक पाऊल चाचपत तो चढण उतरायला लागला. आभाळराव बांधावर उभे राहून त्याच्याकडे बघत राहिले. वर मान करायचंही त्यांना सुचलं नाही.